स्टोरीबुक, सोयाबीन आणि चौदा क्विंटल पाच किलो

घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल सांगून टाकतो. तुमच्याकडं दोन-तीन ॲप असतील आणि सगळीकडं तीच बटणं, तेच खोके, तेच तक्ते लागत असतील, तर स्टोरीबुक, म्हणजे असे तुकडे सुटे मांडून बघायचं नि तपासायचं साधन, बिनधास्त घ्या. ॲप एकच आणि माणूसही एकटाच असेल, तर सध्या त्याच्या नादी लागू नका. माझ्याकडून पाचपैकी चार चांदण्या. एक का कापली ते पुढं येईलच.

मी लातूरचा. पुण्यात नोकरी करून परत आलो आणि आता आम्ही चौघं मिळून मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. एक ॲप गादीवरच्या, म्हणजे दुकानात हिशेब होतो त्या बैठकीवरच्या, संगणकात चालतं, दुसरं काट्यापाशी उभ्या असलेल्या पोराच्या मोबाइलवर, तिसरं शेतकऱ्याला त्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, दाखवतं. तिन्ही रिॲक्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बांधायच्या साधनात, लिहिलेली आहेत. वजन भरायचा खोका तिन्हीकडं वेगळा लिहिलेला, तारखेचा वेगळा, आणि 'जतन करा' बटणाचा हिरवा रंग तर तीन प्रकारचा. एका ॲपमध्ये दुरुस्ती केली की दुसऱ्यात राहून जायची. म्हणून सगळे तुकडे एका लायब्ररीत, म्हणजे तिन्ही ॲपनी वापरायच्या सामायिक कोडमध्ये, आणायचं ठरलं, आणि ती बांधायला नि तपासायला स्टोरीबुक घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टोरीबुक म्हणजे ॲपच्या बाहेर, एकेक कंपोनंट, म्हणजे बटण किंवा खोका असा स्क्रीनचा तुकडा, सुटा काढून बघायची जागा. २०१६ मध्ये श्रीलंकेच्या अरुणोदा सुसिरिपाला यांच्या कादिरा या कंपनीतून ते 'रिॲक्ट स्टोरीबुक' नावानं बाहेर आलं, वर्षभरात समुदायानं ताब्यात घेतलं आणि आज त्यामागं क्रोमॅटिक ही कंपनी उभी आहे. मूळ साधन मुक्त आहे, फुकट आहे. रिॲक्टशिवाय व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट या तशाच साधनांनाही चालतं. कंपोनंटची एक अवस्था म्हणजे एक स्टोरी. बटण साधं असताना एक स्टोरी, बंद असताना दुसरी, आत चक्र फिरत असताना तिसरी. प्रत्येक स्टोरीला आर्ग्ज म्हणजे बाहेरून द्यायच्या किमती देता येतात, आणि खालच्या कंट्रोल्सच्या पट्टीतून त्या जागेवरच बदलून बघता येतात.

बसवणं सोपं आहे. एका कमांडमध्ये प्रोजेक्ट कशात लिहिलाय हे ते स्वतः ओळखतं, डॉट स्टोरीबुक नावाचं फोल्डर करतं आणि ६००६ नंबरच्या पोर्टवर उघडतं. व्हीट (Vite) हे कोड बांधून चालवणारं साधन वापरत असाल तर सुरूही झटकन होतं. मात्र ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ॲप, स्टोरीबुक आणि टेस्टचा ब्राउझर हे तिन्ही एकदम चालवू नका. आमच्याकडं एक जण क्रोमचे टॅब बंद करत बसायचा, दुसरा चहाला जायचा.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक स्टोरीबुक दाखवायला वापरतात. डावीकडं यादी, उजवीकडं गोजिरी बटणं, क्लायंट खूश. तेवढ्यासाठी हा उपद्व्याप करू नका, एक साधं पान पुरतं. स्टोरीबुकची खरी किंमत वसूल होते ती वाईट अवस्थांत. ॲप चालवून ज्या अवस्थेपर्यंत पोचायला लॉगिन करा, पावती करा, नेट बंद करा असं दहा वेळा करावं लागतं, ती अवस्था इथं एका क्लिकवर कायमची मांडून ठेवता येते. आमच्या नियमात चांगल्या दिवसाची स्टोरी एकच, बाकी सगळ्या कटकटीच्या: रिकामा तक्ता, हजार ओळींचा तक्ता, मध्येच तुटलेलं नेट, लांबलचक नाव, चुकीचा आकडा.

उदाहरण वजनाच्या खोक्याचंच घेतो, कारण सगळ्यात जास्त डोकं त्यानंच खाल्लं.

बाहेरून बघाल तर त्यात काय आहे? आकडा भरायचा, संपलं. पहिल्या रूपात एकच खोका होता, क्विंटलमध्ये, दशांश चिन्हासह. स्टोरीबुक बिल्ड केलं की साध्या फायलींचा गठ्ठा मिळतो, तो कुठल्याही सर्व्हरवर टाकता येतो. आम्ही टाकला आणि ओळखीच्या एका आडत दुकानातल्या मुनीमजींना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. (एक सूचना: पूर्ण स्टोरीबुकची लिंक अशा माणसाला पाठवू नका. डावीकडची यादी, खालच्या पट्ट्या बघून माणूस गांगरतो. प्रत्येक स्टोरीचं आयफ्रेमचं स्वतंत्र पान असतं, नुसता कंपोनंट दाखवणारं, तेवढंच पाठवा.) संध्याकाळी फोन आला.

"सर, चौदा क्विंटल पाच किलो कसं लिहायचं ह्याच्यात?"

"चौदा पॉइंट शून्य पाच, मुनीमजी."

"ते तुम्ही लिहिताव. आमचं पोरगं चौदा पॉइंट पाच लिहितंय. मग पंचेचाळीस किलोचे पैशे कोण द्यायलंय?"

हिशेब करून बघा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. त्या भावानं ४५ किलोचे २,२०१ रुपये ४० पैसे होतात. एका पट्टीत. आणि ही गोष्ट कुठल्याही टेस्टमध्ये सापडली नसती, कारण १४.५ हा आकडा म्हणून अगदी बरोबर आहे. ॲप पूर्ण तयार झाल्यावर दाखवलं असतं तर मुनीमजींनी लॉगिनपाशीच मोबाइल खाली ठेवला असता. एकच खोका सुटा समोर ठेवला, म्हणून त्यांनी त्यात आकडा भरून बघितला. चारपैकी दोन चांदण्या मी इथंच देऊन टाकतो.

मग खोक्याचे दोन झाले, क्विंटल वेगळे आणि किलो वेगळे. आतमध्ये वजन पूर्ण किलोत ठेवायचं: १४ आणि ५ भरलं की १४०५. दशांशाच्या बेरजेत संगणक जे कण सांडतो तेही त्यानं मिटलं. किलोच्या घरात १०० किंवा जास्त भरलं तर आपोआप क्विंटलमध्ये ढकलायचं नाही, लाल अक्षरात विचारायचं. कारण १०५ लिहिणाऱ्याला खरंच एकशे पाच म्हणायचंय की १०.५ की नुसतेच ५, हे आपण ठरवू नये. या प्रत्येकाची स्टोरी झाली: 'पाच किलो', 'शंभरावर किलो', 'किलो रिकामं'.

आणि इथं प्ले फंक्शन कामाला येतं. २०२१ पासून स्टोरीच्या आतच लिहिता येतं की ती उघडली की काय-काय करायचं: या खोक्यात हे टाईप कर, टॅब दाब, पुढच्यात ते टाईप कर, मग बाहेर काय किंमत गेली ते तपास. ब्राउझरमध्ये बसून बघा, बोट न लावता आकडे उमटतात आणि खालच्या पट्टीत एकेक पायरी हिरवी होत जाते. एखादी लाल झाली की त्या पायरीवर थांबून मागं जाता येतं. खोका शोधायचा तो आयडीनं नाही, लेबलनं: 'किलो' असं लेबल असलेला खोका. यानं एक फायदा आपोआप होतो. लेबल नीट जोडलेलं नसेल तर टेस्टला खोका सापडतच नाही, आणि स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यालाही तो सापडला नसता.

आमची सगळ्यात उपयोगी टेस्ट पाच ओळींची आहे. तिच्यात इंग्रजी 14 च्या जागी देवनागरी १४ लिहिलंय. कारण जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी '१४' दिला की उत्तर येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नाही. उलट बाजूनं तेच जावास्क्रिप्ट, भाषा 'एमआर-आयएन' (mr-IN, म्हणजे भारतातली मराठी) सांगून रक्कम छापायला लावली, तर न विचारता देवनागरी अंक देतं. वरच्याच हमीभावानं चोवीस क्विंटल साठ किलोचे झाले १,२०,३४३.२०, लाखाचा स्वल्पविराम बरोबर जागी, वाचायला देखणं. पण तीच रक्कम 'दुरुस्त करा' म्हणून परत खोक्यात आली की खोका रिकामा! स्वतःनंच छापलेला आकडा स्वतःलाच वाचता येत नाही. वर टाईप 'नंबर' असलेला इनपुट सहसा देवनागरी अंक घेत नाही, त्यामुळं तिथंही साधा मजकुराचा इनपुट ठेवून फक्त कीपॅड आकड्यांचा मागवावा लागतो. उपाय छोटा आहे, देवनागरी अंक आधी इंग्रजी करून घ्यायचे. पण तो एकाच जागी असावा आणि त्याच्यावर टेस्ट असावी, म्हणूनच तर लायब्ररी.

ओलाव्याचा बिल्ला हा दुसरा तुकडा. हमीभाव खरेदीला सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालायचा. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती मर्यादा १५ केली. ज्याच्या कोडमध्ये १२ कोरलेला होता त्याचा बिल्ला त्या हंगामात १३ टक्क्यांच्या मालालाही लाल रंगच दाखवत राहिला असणार. आमच्या बिल्ल्यात मर्यादा आर्ग म्हणून बाहेरून येते, आणि ११.९, १२, १५, १५.१ अशा काठावरच्या किमतींच्या स्टोऱ्या शेजारी-शेजारी मांडल्यात. नियम बदलला की तिन्ही ॲपमध्ये एक आकडा बदलायचा आणि त्या रांगेकडं एकदा बघायचं.

अक्षरांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. बाजारातल्या तयार कंपोनंट लायब्रऱ्या इंग्रजीच्या मापानं शिवलेल्या असतात. ओळीची उंची १.२ ठेवून इंग्रजी छान बसतं; त्याच खोक्यात 'औंढा नागनाथ' टाका, अनुस्वाराला कात्री लागते. 'पट्ट्या' हा आमचा रोजचा शब्द, जोडाक्षर एकाखाली एक लिहिणाऱ्या फाँटमध्ये त्याचे पाय बटणाच्या खालच्या कडेला चिरडतात. आम्ही 'छळ' नावाची एक स्टोरीच केलीय. लायब्ररीतल्या प्रत्येक कंपोनंटला तीच नावं: औंढा नागनाथ, अर्धापूर, शिरूर अनंतपाळ, पट्ट्या, आणि जिल्ह्यांच्या यादीसाठी छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली तेव्हा धाराशिवनं जागा वाचवली आणि संभाजीनगरनं ती व्याजासकट वसूल केली. 'छत्रपती संभा…' असं तीन टिंबांवर संपणारं नाव कुठल्याही फॉर्ममध्ये दिसलं की ओळखायचं, यांच्याकडं लांब नावाची स्टोरी नाही.

शोधखोक्यात आणखी एक मजा. 'कऱ्हाळे' हे आडनाव तीन प्रकारे टाईप होतं. एक, ऱ हे अख्खं अक्षर घेऊन. दोन, र खाली नुक्ता देऊन. तीन, र ला हलंत आणि मागं न दिसणारा जोडक घालून. स्क्रीनवर तिन्ही एकसारखेच दिसतात, संगणकाला मात्र तिन्ही वेगळे. युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करायची ठरलेली पद्धत) करून घेतलं की पहिले दोन एक होतात, तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. काट्यावर एकानं नोंद केली, गादीवर दुसऱ्यानं शोधली आणि 'असा शेतकरी नाही' असं आलं, की माणूस समोर उभा असतो आणि स्क्रीन म्हणते नाही. तीन स्पेलिंगांच्या तीन टेस्ट, शोध एकच यायला हवा.

सुलभता तपासणीचं, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना वगैरेही स्क्रीन वापरता येईल का हे बघणारं, ॲडऑन (वरून जोडायचा भाग) डीक्यू कंपनीच्या ॲक्स इंजिनवर चालतं. लेबल नाही, रंगाचा फरक ४.५ ला १ पेक्षा कमी आहे, असं सगळं ते स्टोरीगणिक सांगतं. आमच्या डिझायनरला फिकट करड्या अक्षरांचा फार लळा. ॲक्सनं ती लाल केली तेव्हा वाद झाला, मग मोबाइल घेऊन दुपारी बारा वाजता मोंढ्याच्या अंगणात उभं केलं, वाद संपला. मात्र ॲक्स सगळं पकडतं असं समजू नका. चित्रावर किंवा रंग मिसळलेल्या पार्श्वभूमीवर अक्षर असेल तर तेही हात वर करून 'तुम्हीच बघा' म्हणतं.

दिसण्याची तपासणी, म्हणजे कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून फरक काढणं, ही क्रोमॅटिकची पैशाची सेवा. चालते उत्तम, पण हिशेब आधी करा. ६० स्टोऱ्या, मोबाइल-टॅब-संगणक अशा ३ रुंदी, २ ब्राउझर: एका फेरीला ३६० फोटो. महिन्याला ५,००० फोटो फुकट धरले तर चौदाव्या फेरीलाच मर्यादा ओलांडते. दिवसातून चार वेळा कोड ढकलणाऱ्या टीमचा चौथा दिवस. आम्ही प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनानं स्वतःच फोटो काढतो. त्यात एक खड्डा आहे: फोटो काढणाऱ्या लिनक्स मशीनवर देवनागरी फाँट नसेल तर सगळीकडं चौकोन येतात, आणि कालचे चौकोन व आजचे चौकोन तंतोतंत जुळतात, त्यामुळं टेस्ट हिरवीगार! फाँट लायब्ररीतच ठेवा, आणि तो उतरल्याची खात्री झाल्याशिवाय फोटो काढू नका. सगळे फोटो एकाच प्रकारच्या मशीनवर काढा. विंडोजवरची वेलांटी आणि लिनक्सवरची वेलांटी पिक्सेलला पिक्सेल कधीच जुळत नाही.

आता ती कापलेली चांदणी.

मोठ्या आवृत्त्या भराभर येतात. सातवी २०२३, आठवी २०२४, नववी २०२५. प्रत्येक वेळी काहीतरी नाव बदलतं, काहीतरी एका पॅकेजातून दुसऱ्यात जातं. नवव्यात तर आधी वेगळी बसवावी लागणारी बरीच ॲडऑन मूळ पॅकेजात घेतली. चांगलंच केलं, पण जुनं सगळं वेचून काढायचं काम आपलं. स्थलांतराची कमांड बरंचसं करते, उरलेलं हातानं. शिवाय नेटवर शिकायला गेलात की निम्मे धडे स्टोरी लिहायच्या 'स्टोरीज ऑफ'वाल्या जुन्या पद्धतीचे निघतात, जी आठव्या आवृत्तीत काढूनच टाकलीय. नवीन पोराला शिकवताना पहिलं वाक्य हेच: धड्याची तारीख बघ. नवव्या आवृत्तीत व्हीटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाशी जोडणी मात्र खरंच चांगली झालीय, बाजूच्या यादीतून एक बटण दाबलं की सगळ्या स्टोऱ्या खऱ्या ब्राउझरमध्ये टेस्ट म्हणून पळतात. त्यासाठी अपग्रेडचा त्रास मी सहन केला.

दुसरी तक्रार स्टोरीबुकची कमी, स्वभावाची जास्त. सुटा कंपोनंट हिरवा म्हणजे पान हिरवं असं नाही. तारखेचा खोका एकटा फार गुणी होता, पावतीच्या खिडकीत बसवला तर त्याचं कॅलेंडर खिडकीच्या मागं लपलं. मोबाइलवर कीबोर्ड वर आला की किलोचा खोका त्याखाली जातो, हेही स्टोरीत दिसत नाही. म्हणून दोन-चार अख्ख्या पानांच्या स्टोऱ्याही ठेवाव्या लागतात, सर्व्हरची खोटी उत्तरं देऊन, आणि त्यावर खऱ्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर हात फिरवून बघणं आलंच.

लायब्ररीत काय घ्यायचं यावर आमचा नियम साधा आहे: तिसऱ्या जागी लागल्याशिवाय घ्यायचं नाही. हमालीचा तक्ता फक्त गादीवर लागतो, तर तो गादीच्या ॲपमध्येच राहू दे. आणि कंट्रोल्सची पट्टी बघत जा. एखाद्या कंपोनंटच्या आर्ग्ज बघायला ती खाली सरकवावी लागत असेल, तर त्या एका कंपोनंटमध्ये तीन कंपोनंट दाटीवाटीनं राहतायत. बटणाला 'आडत्यासाठी आहे का' अशी आर्ग मी एकदा एका मित्राच्या कोडमध्ये बघितलीय. बटणाला काय करायचंय कोण दाबतंय ते?

हलकं काही हवं असेल तर उबरमधून आलेलं लेडल आहे, स्टोऱ्यांचं स्वरूप तेच ठेवून फार चटकन चालतं. पण ॲडऑनचा बाजार स्टोरीबुकएवढा नाही. व्ह्यूवाल्यांनी इस्त्वार (Histoire) बघावं.

एक गोष्ट यातल्या कशातच होत नाही, ती म्हणजे छापील पट्टी. आमच्याकडं बऱ्याच गाद्यांवर अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहेत, जुन्या कोऱ्या नमुन्यावर आकडे बरोबर रकान्यात पडावे लागतात. स्टोरीत पट्टी सुरेख दिसते, कागदावर हमालीचा आकडा तोलाईच्या रकान्यात जातो. त्याची टेस्ट करायला रविवारी दुकान बंद असताना मुनीमजी किल्ली देतात, आणि जाताना एक रिम कागद आपलाच न्यायचा.